अण्णांची वही आणि पद्मिनीचे इंजिन

ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी कायमची गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मुदत, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिला धंदा करता येईना. त्या दिवसांत वर्तमानपत्रांनी रकानेच्या रकाने लिहिले. तिच्या छतावर लावलेल्या रंगीबेरंगी कापडाचे कौतुक झाले, सिनेमांची आठवण निघाली, मोठमोठ्या लोकांनी आपल्या तरुणपणीचे किस्से सांगितले. ते सगळे मागच्या सीटवर बसणारे लोक होते. पुढच्या सीटवर बसून ज्यांनी त्या गाडीवर घर चालवले, मुले शिकवली, त्यांचे लक्ष छताकडे कधीच नव्हते. त्यांचे लक्ष बॉनेटखाली. आज काय वाजते, कुठून धूर येतो, पाणी किती उरले, दिवस भरेल की नाही, एवढ्यावर त्यांच्या घरची चूल पेटायची.

आमचे अण्णा १९८४ पासून पद्मिनी चालवत. गाडी मालकाची, बिल्ला अण्णांचा. म्हणून या इंजिनाविषयी चार शब्द लिहावेत असे फार दिवस मनात होते.

आधी ते इंजिन काय होते ते सांगतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात ही गाडी बनत असे. १९६४ साली ती फियाट ११०० डिलाइट म्हणून आली, पुढे तिचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट झाले आणि १९७४ पासून पद्मिनी. नावे तीन झाली, इंजिन एकच राहिले. मूळ आराखडा इटलीतल्या फियाट कंपनीचा, आणि तो तर १९३७ सालचा. म्हणजे ज्या वर्षी बाबासाहेब मुंबई विधिमंडळावर निवडून गेले आणि ज्या वर्षी महाडच्या तळ्याचा निकाल उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने दिला, त्या वर्षीच्या आराखड्याचे इंजिन मुंबईत २०२३ पर्यंत भाडे मारत होते!

इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे. चार सिलिंडर एका ओळीत. सिलिंडरचा व्यास, ज्याला गॅरेजात बोअर म्हणतात, तो ६८ मिलिमीटर. पिस्टनची वरखाली चाल, म्हणजे स्ट्रोक, ७५ मिलिमीटर. आपल्या घरातल्या आठवी-नववीच्या मुलांनी हे गणित करून पाहावे. व्यासाचा निम्मा ३.४ सेंटिमीटर, त्याचा वर्ग गुणिले पाय, गुणिले उंची ७.५, गुणिले चार. उत्तर १०८९ आणि वर थोडे येते. वृत्तचितीचे घनफळ शाळेत शिकवतात, पण ते रस्त्यावर धावते हे कोणी सांगत नाही. ताकद सुमारे ४० अश्वशक्ती, तीही मिनिटाला ४८०० फेरे झाल्यावर. आजची १२०० ची मोटार याच्या दुप्पट ताकद सहज देते. पण पद्मिनीत पाच माणसे आणि टपावर दोन ट्रंका घेऊन पेडर रोडचा चढ चढणारे इंजिन हेच.

ब्लॉक बिडाचा, वरचे हेड ॲल्युमिनियमचे. कॅमशाफ्ट खाली ब्लॉकच्या पोटात, तिथून पुशरॉड वर येऊन रॉकर हलवतात आणि रॉकर व्हॉल्व उघडतात. क्रँकशाफ्टला तीन मेन बेरिंग. पेट्रोल ओढायला इंजिनाच्या अंगालाच बसवलेला पडद्याचा पंप, हवा-पेट्रोल मिसळायला एक कार्बोरेटर, ठिणगी वाटायला डिस्ट्रिब्युटर. ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन. पुढे एकच पट्टा. तोच पंखा फिरवतो, तोच पाण्याचा पंप फिरवतो, तोच डायनमो फिरवतो. (नंतरच्या गाड्यांत डायनमोच्या जागी अल्टरनेटर आला.) बस्स, एवढेच. यात कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. बॉनेट उघडले की प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो. म्हणूनच सातवी शिकलेला माणूस हे इंजिन समजू शकला. आणि म्हणूनच ज्याला ते समजले नाही त्याला फसवणेही सोपे होते, कारण मिस्त्री जे बोलेल ते खरे मानण्यावाचून त्याला इलाज नसे.

अण्णांना वही लिहायची सवय होती. दोनशे पानी वही, डाव्या बाजूला तारीख आणि किलोमीटर, उजव्या बाजूला पेट्रोल, तेल, पाणी, मालकाला दिलेले पैसे, हातात उरलेले पैसे. खाली एक ओळ गाडीविषयी: "आज दादरला मिसिंग. पॉइंट घासले." "तेल पाव लिटर टाकले." "पट्टा ढिला." मी १९९९ साली बीकॉमच्या पहिल्या वर्षाला गेलो आणि किर्द-खतावणी शिकू लागलो, तेव्हा सरावासाठी हाताशी दुसरे काही नव्हते म्हणून अण्णांच्या वह्या घेतल्या. रोजकीर्द तयारच होती, मी तिची खतावणी केली. डिस्ट्रिब्युटरचे एक खाते, कार्बोरेटरचे एक, पट्ट्याचे एक, पाण्याचे एक. सहा वर्षांच्या वह्या अशा मांडल्या आणि जे दिसले ते पाहून अण्णाच म्हणाले, "अरे, हे तर मला रोज दिसत होतं, पण एकत्र कधी दिसलं नाही."

दिसले ते असे. सर्वांत जास्त वेळा बिघडणारी वस्तू म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट. ते दोन छोटे धातूचे तुकडे, प्रत्येक ठिणगीला एकदा उघडतात आणि मिटतात. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी ठेवावी लागते. उघडमीट करता करता ते जळतात, एकावर खड्डा पडतो, दुसऱ्यावर टेंगूळ येते, फट बदलते, ठिणगीची वेळ चुकते. गाडी धक्के देते, पेट्रोल जास्त खाते. बाजूचा कंडेन्सर खराब असेल तर पॉइंट आठवड्यातच जळतात. नुसते पॉइंट बदलत राहणारे मिस्त्री पुष्कळ होते. कंडेन्सर बदलून पाहणारे थोडे. पण यात पैसा कमी जातो. काडेपेटीचे पोलिश कागद लावून घासले की संध्याकाळपर्यंत काम चालते. पावसाळ्यात हिंदमाताला पाणी भरले की पंखा ते पाणी उडवून डिस्ट्रिब्युटरच्या टोपणावर मारायचा आणि गाडी जागीच बंद. जुने ड्रायव्हर टोपणावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवायचे, कोणी पाण्यात शिरण्याआधी पट्टाच ढिला करून टाकायचे म्हणजे पंखा फिरायला नको. हे कोणत्या पुस्तकात नव्हते.

दुसरे खाते पेट्रोलचे. एप्रिल-मे महिन्यांत, दुपारी दोनच्या उन्हात, सिग्नलला उभी असलेली पद्मिनी एकदम गप्प व्हायची. स्टार्टर फिरतो, इंजिन पकडत नाही. मागून हॉर्नचा गोंगाट, आत भाडेकरू चिडलेले. याचे कारण साधे आहे. पेट्रोलचा पंप इंजिनाच्या अंगाला चिकटलेला, तो तापतो, त्यातल्या पेट्रोलची वाफ होते. पंप द्रव ढकलण्यासाठी केलेला आहे, वाफ नुसती दबते आणि सुटते. पेट्रोल पुढे सरकत नाही. म्हणून प्रत्येक पद्मिनीत सीटखाली एक फडके असे. ते ओले करून पंपावर ठेवायचे, दहा मिनिटांत वाफेचे परत पेट्रोल होते आणि गाडी सुरू होते. बघणाऱ्याला वाटायचे, ड्रायव्हर गाडीला ताप आला म्हणून कपाळावर पट्टी ठेवतोय! आमच्या नाक्यावर एक जण त्या वेळी बॉनेटला उदबत्ती ओवाळायचा. उदबत्ती विझेपर्यंत दहा मिनिटे होत, तेवढ्यात पंप आपोआप निवायचा, आणि श्रेय उदबत्तीला जायचे. अण्णा हसून म्हणायचे, "फडकं आणि उदबत्ती दोन्ही चालतात, फक्त फडकं का चालतं ते सांगता येतं." बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञा आमच्या घरात भिंतीवर आहेत. पण कार्यकारणभाव म्हणजे काय हे मला पहिल्यांदा त्या ओल्या फडक्याने समजावले, हे मी मोकळेपणाने सांगतो.

पेट्रोलमध्ये रॉकेलची भेसळ व्हायची तेव्हाही इंजिन आधी सांगायचे. चढावर ठोका यायचा, खडखड आवाज, आणि डिपस्टिक काढली तर तेलाला रॉकेलचा वास. ज्याला वास कळला त्याने पंप बदलला. ज्याला कळला नाही त्याच्या रिंगा गेल्या आणि गाडी निळा धूर मारू लागली. निळा धूर म्हणजे तेल जळते, काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते, पांढरा दाट धूर, गाडी तापल्यावरही न थांबणारा, म्हणजे पाणी सिलिंडरमध्ये उतरते. हे तीन रंग आमच्या धाकट्या बहिणीलाही पाठ होते.

आता तिसरे खाते, पाण्याचे. ते वहीत सर्वांत कमी वेळा येते, पण त्यातली रक्कम सर्वांत मोठी. हेच खाते आमच्या घरावर आले.

ॲल्युमिनियम तापले की बिडापेक्षा सुमारे दुप्पट फुगते. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा आणि हेड ॲल्युमिनियमचे, मध्ये पातळ गॅस्केट. जोपर्यंत उष्णता ताब्यात आहे तोपर्यंत दोघांचे जमते. एकदा का गाडी उकळली, की हेड फुगायला बघते, खालचे नट त्याला हलू देत नाहीत, आणि निवताना ते पहिल्यासारखे सपाट राहत नाही, वाकते. वाक केसाएवढा असतो, डोळ्यांना दिसत नाही. पण त्या वाकावर नवे गॅस्केट घालून नट आवळले तर ते गॅस्केट थोड्याच दिवसांत पुन्हा जाणार, हे ठरलेले. म्हणून हेड उतरवले की पहिले काम, त्यावर स्टीलची सरळ पट्टी उभी धरायची, आडवी, उभी आणि दोन्ही तिरक्या दिशांनी, आणि पट्टीखालून उजेड दिसतो का ते पाहायचे. दिसला तर हेड मशीनवर फेस मारून आणायचे. बसवताना नट मधल्यापासून सुरू करून कडेकडे जायचे, एका दमात नाही, तीन फेऱ्यांत. या कामाला अर्धा दिवस आणि वरचे थोडे पैसे जास्त लागतात. एवढ्यासाठी पुष्कळ गॅरेजे ते टाळत.

गाडी उकळायची का? मुंबईत तापायला कारणे भरपूर. गाडी पळते तेव्हा रेडिएटरला वारा मिळतो, सायन ते दादर रांगेत सरकते तेव्हा मिळतो तो फक्त पंख्याचा, आणि पंखा इंजिनाच्या फेऱ्यांवर. इंजिन सावकाश तर पंखाही सावकाश. त्यात पट्टा ढिला असेल तर पाण्याचा पंपही मंद. पट्टा तुटला तर मात्र चार्जिंगचा लाल दिवा आधी लागतो. तो दिवा बॅटरीचा म्हणून दुर्लक्ष करणाऱ्याने दोन किलोमीटरांत इंजिन घालवले, कारण त्याच पट्ट्यावर पाणीही होते. आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे पाणी. बोअरिंगचे जड पाणी रेडिएटरमध्ये घातले की चहाच्या पातेल्याला बसते तशी खापरी आतल्या नळ्यांना बसते. वर्षा-दोन वर्षांत निम्म्या नळ्या बंद. बाहेरून रेडिएटर चकचकीत, आतून मुका.

बऱ्याच गॅरेजांत यावर एक तोडगा होता, थर्मोस्टॅट काढून फेकायचा. थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरची झडप. इंजिन गार असताना ती मिटलेली असते, तापल्यावर उघडते. ती काढल्यावर पाणी सतत फिरते, म्हणून गाडी तापणार नाही, असा हिशेब. हा हिशेब खोटा आहे. गाडी रांगेत तापते तेव्हा झडप उघडीच असते. अडचण रेडिएटरची, शिक्षा थर्मोस्टॅटला. उलट सकाळी इंजिन लवकर गरम होत नाही, चोक जास्त वेळ ओढावा लागतो, जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन खाली तेलात उतरते आणि रिंगा-बोअर लवकर झिजतात. म्हणजे एका रोगाला औषध म्हणून दुसरा रोग.

एप्रिल २००० मध्ये अण्णांची गाडी सायनला उकळली आणि गॅस्केट गेले. मालकाच्या ओळखीच्या गॅरेजात हेड उतरले, नवे गॅस्केट पडले, संध्याकाळी गाडी परत. वहीत अण्णांनी लिहिले: "हेडला पट्टी लावली नाही. मालकास सांगितले." त्याच पानावर दुसऱ्या दिवसापासून पाण्याच्या नोंदी आहेत. पहिला आठवडा रोज पाव लिटर, नंतर अर्धा, नंतर सकाळ-दुपार दोन्ही वेळा अर्धा. बाहेर एक थेंब गळत नव्हता. मग पाणी जाते कुठे? अण्णांनी दोनदा मालकाला सांगितले, दोन्ही तारखा वहीत आहेत. मे महिन्यात गॅस्केट दुसऱ्यांदा गेले. या वेळी मालकाने अण्णांना सांगितले, गाडीला नजर लागली आहे, नारळ फोडा, लिंबू-मिरची बांधा. अण्णा शांतपणे म्हणाले, "शेठ, गाडी तुमची आहे, नारळ तुम्ही फोडा, माझी हरकत नाही. पण हेडला पट्टी लावून घ्या." नारळ फुटला. पट्टी लागली नाही.

जूनमध्ये माटुंग्याला इंजिन सीज झाले. एका सिलिंडरची भिंत ओरखडली, पिस्टन अडकला. आता बोअर, नवे पिस्टन, रिंगा, बेरिंग, सगळेच. खर्च साडेआठ हजारांच्या घरात. मालकाने सरळ सांगितले, ड्रायव्हरने पाण्याविना गाडी पळवली, पैसे ड्रायव्हरचे. रोज पन्नास रुपये कापले जातील. त्या वेळी अण्णांच्या हातात दिवसाचे दीडशेही धड उरत नव्हते. माझी बहीण बारावी होऊन डीएडला जायच्या तयारीत होती. आईने तिच्या फीसाठी भिशीत पैसे घातले होते. पहिल्या महिन्यातच ती भिशी मोडायची वेळ आली. बहीण म्हणाली, मी एक वर्ष थांबते. घरात त्या रात्री कोणी जेवले नाही.

अण्णांचा स्वभाव भांडखोर नव्हता. पण नाक्यावर एक वृद्ध मुसलमान मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. सारी हयात फियाट उघडण्यात गेली होती. त्यांनी ऐकले आणि म्हणाले, "वही है ना तुम्हारे पास? लेके आओ." मी खतावणी केलेली वही घेऊन गेलो. इंजिन तेव्हा लेथच्या दुकानात उघडलेले पडले होते, हेड बाजूला. मालकालाही बोलावले, नाक्यावरचे चार जुने ड्रायव्हर आले. चाचांनी खिशातून स्टीलची पट्टी काढली, हेड पुसले, पट्टी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरच्या मधोमध उभी धरली आणि मागे बॅटरी लावली. पट्टीखालून उजेडाची रेघ सरळ दिसली. मग मी वहीतल्या तारखा वाचल्या. कोणत्या दिवशी किती पाणी, कोणत्या दिवशी मालकाला काय सांगितले. पाण्याविना गाडी पळवणारा माणूस रोज पाण्याचे माप कशाला लिहील, हे चाचांनी फक्त एकदा विचारले.

मालक बोलला नाही. पन्नास रुपये कापणे दुसऱ्या दिवसापासून बंद झाले. आधीच कापलेले नऊशे रुपये मात्र त्याने परत दिले नाहीत, आणि दिवाळीनंतर अण्णांच्या हातातली गाडीही काढून घेतली. अण्णांना दुसरी गाडी मिळायला दोन महिने लागले. बहीण डीएडला त्याच वर्षी गेली. आज ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते.

या प्रकरणानंतर नाक्यावर आणखी सात-आठ जण वही लिहू लागले. लिहिता न येणाऱ्यांच्या वह्या मी रविवारी भरून देत असे. तेव्हापासूनची ती सवय, आजही विहारात कोणी पगाराची चिठ्ठी आणतो, कोणी कर्जाचे कागद.

पुढे पद्मिनीचे आयुष्य आणखी अवघड झाले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाविरहित पेट्रोल आले. हवेसाठी, आपल्या लेकरांच्या मेंदूसाठी ते आवश्यकच होते, त्याबद्दल दुमत नको. पण जुन्या इंजिनात ते शिसे व्हॉल्व आणि त्याच्या बैठकीमध्ये उशीसारखे काम करीत असे. पाठोपाठ न्यायालयाच्या आदेशानंतर मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर गेल्या. सीएनजी स्वस्त, धूर नाही, पंपात वाफ होण्याची कटकट नाही, कार्बोरेटरचा जेट तुंबण्याची भीती नाही. पण तो कोरडा वायू. एग्झॉस्ट व्हॉल्वची बैठक हळूहळू खचते, टॅपेटची फट आपोआप कमी होत जाते, आणि आवाज मात्र येत नाही. टॅपेट वाजते म्हणजे बिघाड, हे ज्यांना माहीत होते, ते गप्प टॅपेट पाहून निर्धास्त राहिले आणि व्हॉल्व जळाले. शिवाय वायूला ठिणगी जास्त जोरकस लागते, म्हणून पूर्वी चालून जाणारे जुने प्लग आणि वायरी आता चालेनात. ४० अश्वशक्तीतली काही वायूने खाल्ली, डिकीत सिलिंडर बसला, प्रवाशाची ट्रंक परत टपावर गेली. अण्णांनी २००६ मध्ये बिल्ला ठेवून दिला, गुडघ्यांमुळे.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्या काळात त्यांनी आपल्या तरुणांच्या तंत्रशिक्षणासाठी सरकारकडे आग्रह धरला होता. आपण त्यांचे नाव घेऊन वकील, प्राध्यापक, कलेक्टर झालेल्या मुलांचे सत्कार करतो, ते करायलाच हवेत. पण आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड घेतलेल्या मुलाला हार घातलेला मी फारसा पाहिलेला नाही. उलट आई-बाप पाहुण्यांना सांगताना आवाज खाली घेतात. हाताला तेल लागते म्हणून? ज्यांच्या हाताला पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याची घाण लावली गेली, त्यांना तेलाची भीती समजते मला. पण घाण वाहणे आणि इंजिन उघडून कारण शोधणे या दोन गोष्टी एक नव्हेत. त्या दिवशी लेथच्या दुकानात आमच्या घराची इज्जत एका पट्टीने आणि एका वहीने राखली, वकिलाने नव्हे.

मुले विचारतात, काका, आता सगळे फ्यूल इंजेक्शन, सगळे कॉम्प्युटरवर, कार्बोरेटर शिकून काय उपयोग? खरे आहे, पॉइंट गेले, कंडेन्सर गेला, ओले फडके गेले. पण आजच्या टॅक्सीतही पाणी फिरते, तीतही थर्मोस्टॅट आहे, तिचेही हेड ॲल्युमिनियमचे आहे आणि उकळले तर तेही वाकते. स्कॅनर लावला तर तो "ताप जास्त" एवढे सांगेल. का जास्त, ते माणसानेच शोधायचे. ज्यांच्या घरी सीएनजीची गाडी आहे त्यांनी एवढे तरी करावे: रेडिएटरमध्ये नळाचे किंवा बोअरिंगचे पाणी न घालता कंपनीने सांगितलेले कूलंट घालावे, गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये, ताप वाढल्याचा इशारा आला तर पुढच्या नाक्यापर्यंत जाऊ असे न म्हणता तिथेच बाजूला घेऊन बंद करावी, आणि हेड उतरले तर समोर उभे राहून पट्टी लावायला सांगावे. मिस्त्री रागावला तर रागावू द्यावा.

अण्णा आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. वह्या कपाटात आहेत, एकूण एकवीस. एका भंगारवाल्या बांधवाने पद्मिनीचे एक पूर्ण हेड, व्हॉल्वसकट, आमच्या विहाराच्या अभ्यासवर्गाला दिले आहे. येत्या रविवारी वंदनेनंतर, साधारण साडेदहाला, ते उघडून व्हॉल्व काढायचे आणि बैठक तपासायची असे ठरले आहे. अण्णा खुर्चीत बसून सांगतील, हात मुलामुलींनी लावायचे. मुलींनीही यावे, आग्रहाने सांगतो. येताना एक जुने फडके आणि वही-पेन आणावे. पट्टी आमच्याकडे आहे, चाचांनी दिलेली.